झाडावरचा लाल त्रिकोण

मला फिरायला जायची हौस नव्हती. मला झाडावर ठोकलेला एक पत्र्याचा तुकडा पाहायचा होता. बायको शेवटची पोटभर हसली ती त्या पत्र्याला पाहून.

ती गेली उन्हाळा लागायच्या आधी. सगळा उन्हाळा मी घराबाहेर पडलो नाही. इथला उन्हाळा म्हणजे लोक वर्षभर ज्याची वाट पाहत बसतात तो. पोरगा रोज विचारायचा, बाबा चलता का, आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. मग झाडं लाल झाली, पिवळी झाली, पानं गळायला लागली, आणि एक दिवस मला वाटलं, आता बर्फ पडला की ती वाट बंद. पुढचा उन्हाळा मी पाहीन की नाही मला ठाऊक नाही. खरं सांगायचं तर पाहायची इच्छाही नाही. पण तो पत्रा एकदा पाहायचा होता.

रविवारी सकाळी मीच म्हणालो, "चल, लूप करून येऊ."

पोराच्या हातातला कप हातातच राहिला. "शुअर, बाबा? आज?"

"आजच. बर्फ पडायच्या आत."

त्याला गाडीचे विंटर टायर बदलायला जायचं होतं. त्यानं तिथल्या तिथं फोन करून ते रद्द केलं आणि जिन्यात उभं राहून वर नातीला आवाज दिला, "आबा इज कमिंग विथ अस!" चाळिशी ओलांडलेला माणूस, पण आवाज शाळा सुटलेल्या पोरासारखा. सून लगेच थर्मासमधे चहा भरायला लागली. नातीला नाइलाजानं उठावं लागलं. सगळ्यांना वाटलं म्हातारा सावरला. मी त्यांना काही सांगितलं नाही.

आता हा लूप काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आम्ही राहतो केंब्रिजला. पोरगा इथं गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. गावाबाहेर नदीच्या काठानं राखून ठेवलेलं जंगल आहे, त्यात पायवाट काढलेली आहे. जिथं गाडी लावली तिथून निघायचं आणि गोल फिरून परत गाडीपाशीच यायचं. अशा वाटेला हे लोक लूप म्हणतात. आम्ही नवीन आलो त्या पहिल्याच रविवारी पोरगा जेवताना म्हणाला, "आई, जेवण झालं की आपण लूप करू. छोटाच आहे. तुला जमेल."

बायकोला जो ठसका लागला. पोळीचा घास घशात आणि डोळ्यांतून पाणी. ती तशीच उठली, वॉशरूममधे गेली, आतून कडी लावून घेतली आणि नळ सोडला. नळ मोठ्यानं वाहत होता, पण मला त्याच्यामागचं ऐकू येत होतं. सून घाबरली. दारावर टकटक करून विचारते, "आई, बरं वाटतंय ना?" आतून आवाज, "हाव, हाव, बरी हाय!" मी ताटातून मान वर केली नाही. वर केली असती तर माझंही पितळ उघडं पडलं असतं.

आमच्या हिंगणघाटला त्या काळी लूप म्हटलं की एकच वस्तू, मूल राहू नये म्हणून बाईला आत बसवतात ती. मी जिनिंगमधे कापसाच्या गाठी उचलायचो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस दुसरं काय करणार? घरात एक पोरगी झाली होती. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा हा मोठा लाल त्रिकोण रंगवलेला, टोक खाली. नर्सबाई वस्तीत घरोघर यायची आणि बायकांना कोपऱ्यात नेऊन कुजबुजायची. ज्या बाईनं ऐकलं तिनं लूप बसवला, असं म्हणायचे. माझ्या बायकोनं बसवला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. ती म्हणाली, "एकीलेच धड खाऊ घालू." माझ्या आईला आम्ही कळू दिलं नाही. कळलं असतं तर आईनं नर्सबाईला वस्तीच्या बाहेर काढलं असतं.

तरी दिवस राहिले.

नर्सबाई दवाखान्यात सगळ्या बायकांपुढं हिच्यावर ओरडली, "तूच काढून फेकला असशील!" ही पोट घेऊन रांगेत उभी, म्हणते, "सरकारी वस्तू मी काऊन फेकीन बाई? सापडला तर आणून देतो तुमाले." सगळी रांग हसली. नर्सबाईपण हसली म्हणे, नंतर.

मग हा पोरगा झाला. चांगला जाडजूड. जन्माला आला तो दोन्ही मुठी घट्ट आवळून. बायको बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याचं एक एक बोट उघडायची आणि मला म्हणायची, "पाहा ना जी, यानं लूप तर नाई ना धरून आणला हातात?" पोरगा दोन वर्षांचा होईस्तोवर हे चाललं. तो काही लपवून मुठीत धरायचा, गोटी, गुळाचा खडा, तर ही त्याला मांडीत घेऊन मूठ उघडायची आणि माझ्याकडे पाहायची. नुसतं पाहायची.

पोराला हे आम्ही कधी सांगितलं नाही. अशा गोष्टी कोण पोरांना सांगतो? पोरीलाही नाही सांगितलं. ते आमचं दोघांचं होतं.

तर त्या पहिल्या रविवारी आम्ही ती वाट चालायला लागलो. पोरगा पुढं, सून त्याच्या मागं, नात तेव्हा लहान होती, ती उड्या मारत. बायको माझ्याबरोबर. लुगड्याखाली पोराचे जुने बूट, वरून सुनेचा फुगीर कोट. आणि पाहतो तर काय, झाडांवर लाल त्रिकोण! पत्र्याचे, हाताच्या पंज्याएवढे, थोड्या थोड्या अंतरावर एकेका झाडाला ठोकलेले. वाट चुकू नये म्हणून खूण आहे ती. बायको जागीच थांबली.

"अवो, जंगलातबी दवाखाना काढला का यायनं?"

"हळू बोल," मी म्हणालो.

ती मान वाकडी करून पाहत राहिली. "पन याचं टोक तं वर हाय. आपल्याकडं खाली असते."

"मग?"

"मंग काय? इथं मानसंच नाई. पाहा ना, एवढं जंगल आन् कोनी दिसते का? इथं सरकार म्हनत असन, होऊ द्या बाप्पा, होऊ द्या!"

मी असा हसलो की पोरगा मागं वळून म्हणाला, "व्हाट?" बायको म्हणाली, "काई नाई रे, तुह्या बाबाचा पाय घसरला."

तेव्हापासून दर रविवारी हा खेळ. पोरगा म्हणायचा लूप, आणि ती नळ सोडायला जायची. पोराला वाटायचं आईला बाहेर निघायच्या आधी वॉशरूमची सवय आहे. वाटेत कोणी भेटलं की ही सगळ्यांना जयभीम घालायची. गोरा असो, काळा असो, चिनी असो. लोक हसून हात हलवायचे. एक म्हातारी गोरी बाई आहे, बुटका कुत्रा घेऊन येते. तिला तर हिनं थांबवून शिकवलं, दोन्ही हात धरून. त्या बाईला नीट जमत नाही, ती जे भीम म्हणते. तिच्या इंग्रजीतलं हिला काही कळायचं नाही आणि हिच्या वऱ्हाडीतलं तिला. तरी दोघी उभ्या राहून बोलायच्या.

मागच्या पानगळीत आम्ही असेच गेलो होतो. पुढं एका जागी ओल आहे म्हणून लाकडाच्या फळ्या टाकून वाट केली आहे. त्याच्या तोंडाशी एक दुबेळकं, खोडातून दोन फाटे फुटलेलं झाड आहे, सुतारपक्ष्यानं भोकं पाडलेलं. त्याच्यावरच्या त्रिकोणाचा वरचा खिळा निघाला होता. खालच्या एका खिळ्यावर तो फिरून उलटा लटकत होता. टोक खाली. अगदी आमच्या दवाखान्याच्या भिंतीवरच्यासारखा.

बायको त्याच्यापुढं उभी राहिली आणि खाली फळ्यांवरच बसली. हसून हसून पोट धरलं. "आली, आली, इथंबी योजना आली!" मी म्हणतोय ऊठ, कोणी पाहील. ती पुढं चाललेल्या पोराकडे बोट दाखवते, तो केवढा उंच, टोपी घातलेला, बाटली हातात. म्हणते, "जे पोट्टं लुपाले जुमानलं नाई, ते आता मायबापाले लूप कराले घेऊन चाल्लं जी!"

तिला उठवायला मला दोन्ही हात लागले. त्यानंतर थंडी आली, तिला धाप लागायला लागली, मग दवाखाने सुरू झाले. हसली असेल ती नंतरही, सुनेला बरं वाटावं म्हणून. पण तसं नाही.

तर तो पत्रा मला पाहायचा होता.

गाडीत मागं मी आणि नात. मधली जागा रिकामी. नातीनं तिथं आपली बॅग ठेवली, मग माझ्याकडे पाहून ती उचलून पायाशी घेतली. पोरगी शहाणी आहे. तिला मराठी कळतं, बोलता येत नाही. मला तिचं इंग्रजी कळत नाही, त्यामुळे आमचं बरं चालतं.

वाटेला लागलो तर पोराचं तोंड थांबेना. "बाबा, बघा फ्रेश एअर. बाबा, ते झाड बघा, बीव्हरनं खाल्लंय. बाबा, दमलात तर सांगा, बेंच आहे पुढं."

"डॅड, लेट हिम ब्रीद," नात म्हणाली.

पानं इतकी पडली होती की वाट दिसत नव्हती. म्हणून मी झाडांकडे पाहत चाललो. त्रिकोण, सरळ. पुढचा, सरळ. बाजूला कोणी नाही. ती असती तर म्हणाली असती, होऊ द्या बाप्पा. मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. माणूस दुसऱ्याचा विनोद मनात म्हणू शकत नाही. नुसते शब्द येतात.

समोरून ती कुत्र्यावाली बाई आली. लांबूनच हात वर केला, "जे भीम!" आणि माझ्या मागं पाहायला लागली. माझ्या मागं सून होती. बाई आणखी मागं पाहते. मग मला इंग्रजीत काही विचारलं. मला वाइफ एवढं कळलं.

मी म्हणालो, "नो. नो वाइफ."

नात पुढं होऊन हळू आवाजात बोलली तिच्याशी. बाईचं तोंड पडलं. तिनं माझ्या बाहीवर हात ठेवला आणि तसाच धरून राहिली. कुत्रा माझे बूट हुंगत होता. मला जयभीमला जयभीमनं उत्तर देता आलं नाही. जन्मात पहिल्यांदा. मी पुढं चालायला लागलो.

फळ्यांची वाट आली. ते दुबेळकं झाड आलं. भोकं तीच होती.

त्रिकोण सरळ होता. टोक वर.

मला वाटलं झाड चुकलं. मी आजूबाजूची झाडं पाहून आलो. मग परत आलो. झाड तेच. नवे दोन स्क्रू मारलेले, चकचकीत. कोणीतरी ड्यूटीवरचा माणूस आला असेल, त्याला दिसलं हे उलटं आहे, त्यानं सरळ केलं. त्याचं कामच ते. या देशात काही मोडलं की लगेच नीट करून टाकतात. आमच्याकडं तो पत्रा उलटाच्या उलटा राहिला असता, आमच्या नातवंडांना पाहायला मिळाला असता.

माझ्या खिशात घराची किल्ली होती. मी ती काढली आणि वरच्या स्क्रूला लावली. किल्ली स्क्रूमधे बसत नव्हती, घसरत होती. मी जोर लावला.

"बाबा!" पोरगा धावत आला. "काय करताय? साइन आहे ती. फाइन करतील आपल्याला."

"हा उलटा होता."

"हो, मग त्यांनी फिक्स केला ना. लोक रस्ता चुकले असते."

"तुझी आई हसली होती याला पाहून. इथं बसली होती खाली."

"आई? का हसली?"

सून समजदार आहे. तिनं नातीला म्हटलं, चल, आपण नदी पाहून येऊ, आणि तिला घेऊन फळ्यांवरून पुढं गेली. मी आणि पोरगा राहिलो. मला वाटलं आता सांगावं. हे माझ्या एकट्याजवळ राहिलं तर माझ्याबरोबर जाईल. त्याला कळलं तर निदान एका माणसाला तरी कळलं. तो हसेल, आणि हसला तर त्याचं हसणं तिच्यासारखं आहे, थोडं नाकात. तेवढं ऐकायला मिळेल.

म्हणून मी सांगितलं. पण मला सांगता येतं कुठं? मी शेवट आधी सांगितला. "तू लूप असून झाला," म्हणालो. त्याला कळेना. मग दवाखाना सांगितला, मग नर्सबाई, मग एक पोरगी होती आणि खायला नव्हतं ते. रांगेतला विनोद मी विसरलो, तो आठवला तेव्हा त्याची जागा निघून गेली होती. ती सांगायची तेव्हा नर्सबाईचा आवाज काढायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मी गाठी मोजून दिल्यासारखं सांगितलं.

पोरगा ऐकत होता. हसला नाही. त्रिकोणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे मी तुम्हाला नको होतो."

"नव्हता," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

"आईला?"

"तिलापण. म्हणून तर बसवला."

"ओके," तो म्हणाला.

हा शब्द इथं लोक दिवसभर म्हणतात, पण मी ओळखतो. तो असा म्हटला की पुढं बोलायचं नसतं. मला मुठीचं सांगायचं राहिलं होतं. ती तुझी बोटं उघडून पाहायची, गोटी असली तरी पाहायची, मोठ्या लाडानं पाहायची, हे सांगायचं राहिलं होतं. तेच खरं सांगण्यासारखं होतं. मी म्हणालो, "तुझी मूठ," आणि तो चालायला लागला. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातलेले.

लुपाचं असं आहे, अर्ध्यात आलात की मागं फिरून उपयोग नाही. पुढंही तेवढंच आणि मागंही तेवढंच. म्हणून आम्ही पुढं चालत राहिलो. नदी आली, सुनेनं चहा ओतला. नातीनं विचारलं, "व्हाट हॅपन्ड?" पोरगा म्हणाला, "नथिंग." चहा घेतला सगळ्यांनी. माझ्या कपात सुनेनं साखर घातली होती, ती मला डॉक्टरनं बंद केली आहे. मी तसाच प्यालो.

तिच्या तोंडून ते आलं असतं तर पोरगा हसून खाली बसला असता. तिनं त्याला जवळ ओढून डोक्यावर टपली मारली असती, म्हणाली असती, सरकारले हरवून आला रे तू. मी तेच सांगितलं, तीच माणसं, तोच दवाखाना, आणि ती शिवी झाली. इतकी वर्षं मला वाटायचं हे आमचं दोघांचं आहे. माझं त्यात काहीच नव्हतं. सगळं तिचं होतं. मी नुसता ऐकून हसणारा.

पोरगा वाईट वागतो असं नाही. गोळ्या काढून देतो. जेवलात का विचारतो. बर्फ पडला तसा रोज पहाटे उठून ड्राइव्हवे शोव्हल करतो, मला फावडं धरू देत नाही. पण मधे एकदा मी त्याला त्या मुठीचं सांगायला गेलो, बेसमेंटमधे, तो कपडे मशीनमधे घालत होता. म्हणाला, "बाबा, इट्स फाइन. रिअली." आणि मशीन सुरू केली. मशीनचा आवाज मोठा आहे.

परवा रविवारी ऊन पडलं. वाट साफ केली आहे म्हणे त्या लोकांनी. पोरगा स्वयंपाकघरात गाडीची किल्ली घेऊन उभा, म्हणाला, "बाबा, लू..." आणि थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"वॉकला जायचं का?"

वरून नातीनं ओरडून विचारलं, "आर वी डूइंग द लूप?"

"वॉक," तो म्हणाला. "जस्ट अ वॉक."

घरात तिचा तेवढा एकच शब्द राहिला होता. पोराला ठाऊक नव्हतं तोवर तो दर रविवारी न चुकता म्हणायचा, आणि मी ऐकायचो. आता त्याला ठाऊक झालं.

मी वॉशरूममधे गेलो. कडी लावली. नळ सोडला, पूर्ण सोडला, जसा ती सोडायची. आरशासमोर उभा राहिलो. पाणी जोरात वाहत होतं. हसू काही आलं नाही.

दारावर टकटक झाली. सून होती.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"हाव," मी म्हणालो, आणि नळ बंद केला.